कंबरलंड बेट, जॉर्जिया: शांत पुळण, मोकाट घोडे, कासवं आणि इतिहास (माहिती हवी आहे)

सांजवात

नमस्कार मंडळी,

आईबाबा डिसेंबरात साताऱ्याहून आमच्याकडे ॲटलांटाला येताहेत. नायगारा, न्यूयॉर्क, डिस्ने हे सगळं मागच्या खेपेला झालं. यंदा बाबांनी फोनवरच बजावलं, "रांगा लावायच्या जागा नकोत. समुद्र दाखव, पण शांत." बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. आईचा झाडापेडांवर आणि पक्ष्यांवर जीव. लेक सात वर्षांचा, त्याला वाळू मिळाली की झालं.

ऑफिसातल्या एकीनं कंबरलंड बेट सुचवलं. पूल नाही, हॉटेलांची रांग नाही, घोडे मोकळे फिरतात, एवढंच तिनं सांगितलं. इथलं कुणी जाऊन आलंय का? आईचे गुडघे कुरकुरतात, सपाटीवर ती मैल-दीड मैल आरामात चालते. एका दिवसात होण्यासारखं आहे का? जेवणाखाण्याचं काय? आणि डिसेंबर चालेल का?

तिवर

सांजवात, जरूर जा. मी जॅक्सनविलला राहतो, तिथून हे बेट तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे जाणं-येणं असतं. जॉर्जियाच्या किनाऱ्यालगत बेटांची माळ आहे. त्यातलं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दक्षिणेकडचं. लांबी साधारण साडेसतरा मैल. १९७२ मध्ये राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून संरक्षण मिळालं आणि उत्तरेकडचा मोठा भाग १९८२ पासून अधिकृत वाइल्डरनेस, म्हणजे माणसानं हात न लावता राखलेलं रान, आहे.

तुम्हाला ॲटलांटाहून सेंट मेरीज या गावी यावं लागेल, गाडीनं साडेपाच-सहा तास. म्हणून आदल्या रात्री सेंट मेरीजलाच मुक्काम करा, सकाळची फेरीबोट पकडायला सोपं जातं. बोट पाऊण तासाची. दिवसाला सुमारे ३०० माणसांनाच बेटावर सोडतात, त्यामुळे तिकीट आधी काढलेलं बरं. डिसेंबर ते फेब्रुवारी मंगळवार-बुधवार बोट बंद असते, तेवढं बघून दिवस ठरवा.

डिसेंबर उत्तमच. उन्हाळ्यात उकाडा, डास, आणि डोळ्यांना दिसतही नाहीत अशी बारीक चिलटं. त्यांनी माणूस हैराण होतो. थंडीत हा त्रास बराच कमी असतो. गोचीड मात्र वर्षभर, पाय झाकणारे कपडे घाला आणि संध्याकाळी सगळ्यांचे पाय, मानेमागचा भाग तपासा.

आईंसाठी: डंजनेस धक्क्यावर उतरा. तिथून कार्नेगींच्या वाड्याचे अवशेष अर्ध्या मैलाच्या आत आहेत, वाट सपाट आहे, दोन्ही बाजूंना लाइव्ह ओकची झाडं. तिथून पुढे खाजणावरून आणि वाळूच्या टेकाडांतून समुद्राकडे वाट जाते. तसंच पुळणीवरून उत्तरेला चालत सी कॅम्पला (तंबूवाल्यांची जागा, तिथे दुसरा धक्का आहे) बाहेर पडायचं आणि नदीकाठच्या वाटेनं परत यायचं, असा पूर्ण फेरा चारेक मैलांचा होतो. आईंना तो झेपणार नाही. त्यांनी वाडा बघून सावलीत बसावं, किंवा सगळ्यांनीच सी कॅम्प धक्क्यावर उतरावं. तिथून पुळण जेमतेम अर्धा मैल, तीही ओकच्या छताखालून. परतीची बोट दोन्ही धक्क्यांवर थांबते.

बेटावर दुकान नाही. चहासुद्धा मिळणार नाही. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहं धक्क्यांच्या आसपास आहेत. खाणं आपलं आपण न्यायचं आणि कचरा आपलाच आपण परत आणायचा.

भटकी_आत्या

तिवर यांनी सगळं सांगितलंच आहे, माझी दोन पैशांची भर. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-तूप असं कोरडं, टिकाऊ न्या. थर्मासात चहा भरून घ्या, दुपारी सोन्याहून पिवळं वाटतं. डबा बाकावर उघडा ठेवून उठू नका, सी कॅम्पच्या रॅकूनांना चेनपण उघडता येते. तंबूवाल्यांना म्हणूनच तिथे अन्न ठेवायला जाळीच्या पेट्या दिल्यात.

आम्ही नवराबायको तंबू घेऊन राहिलोय. सी कॅम्पला गार पाण्याचे शॉवर आहेत. त्यापुढे उत्तरेला स्टॅफर्ड बीच, हिकरी हिल, यँकी पॅरडाइज आणि ब्रिकहिल ब्लफ अशी ठिकाणं, सगळ्यात लांबचं साडेदहा मैलांवर, पाठीवर सामान घेऊन चालत. वय बघून आम्ही सी कॅम्पलाच राहिलो आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही. शेवटची बोट गेली की बेटावर मोजकी माणसं उरतात. रात्री पुळणीवर दिव्याचा ठिपका नाही. आकाशगंगा इतकी ठसठशीत मी लहानपणी देवरुखला बघितली होती, त्यानंतर इथे.

लाइव्ह ओकच्या फांद्यांवरून राखाडी झिरमिळ्या लोंबत असतात त्या आईंना जवळून दाखवा. स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ती शेवाळ नाही, अननसाच्या कुळातली फुलझाडाची जात आहे. मुळं नसतात. हवेतलं पाणी शोषून जगते, ज्या झाडावर लोंबते त्याचं रक्त पीत नाही. एक धागा हातात धरून उन्हाकडे केला की त्यावरचे बारीक खवले दिसतात, पाणी धरून ठेवतात ते तेच.

इतिहासवेडा

बाबांसाठी मी लिहितो. हे बेट म्हणजे बंद पेटी आहे, उघडत जावं तसं आतून काही ना काही निघतं.

सगळ्यात आधी इथे टिमुकुआ भाषा बोलणारे मोकामा लोक. १५८७ च्या सुमारास स्पॅनिश पाद्र्यांनी सान पेद्रो दे मोकामा ही मिशन इथे उभारली. मग इंग्रज आले, १७३० च्या दशकापासून जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्प यानं स्पॅनिशांना रोखायला बेटाच्या दोन टोकांना किल्ले बांधले. अमेरिकन क्रांतियुद्धातला सेनापती नथॅनिएल ग्रीन यानं १७८३ मध्ये इथे जमीन घेतली, पण तो लवकर गेला. त्याची विधवा कॅथरिन हिनं १८०३ च्या सुमारास डंजनेस नावाचा चार मजली वाडा बांधला. बांधकाम टॅबीचं: कालवांच्या शिंपल्या जाळून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि आख्ख्या शिंपल्या घालून साच्यात ओतायचं. आपल्या कोकणातही शिंपल्यांचा चुना भट्टीत पाडायचे, त्यामुळे बाबांना हे चटकन उमजेल. वाड्याच्या अवशेषांजवळच्या जुन्या टॅबी घराच्या भिंतीवर हात फिरवा, शिंपल्यांच्या कडा बोटांना लागतात.

याच कॅथरिन ग्रीनच्या सव्हानाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर १७९३ मध्ये एलाय व्हिटनीनं कापसातली सरकी वेगळी करण्याचं त्याचं प्रसिद्ध यंत्र बनवलं. ते आखूड धाग्याच्या कापसासाठी. बेटांवरचा सी आयलंड कापूस लांब, रेशमी धाग्याचा, त्याची सरकी गुळगुळीत; ती दोन रुळांच्या यंत्रानं काढत, आपल्याकडच्या चरकीच्या जातीचंच ते. विदर्भातल्या मंडळींना हा धागा सापडेल.

पण हा कापूस पिकवला कुणी, हे तिथे गेल्यावर विसरू नका. रॉबर्ट स्टॅफर्ड या मळेवाल्याकडे शेकडो गुलाम होते. त्यांच्या झोपड्या कधीच गेल्या, चुली-धुराड्यांच्या विटांच्या रांगा तेवढ्या रानात उभ्या आहेत. १८१५ च्या जानेवारीत ब्रिटिश आरमाराच्या कॉकबर्ननं बेट ताब्यात घेतलं तेव्हा आसपासच्या मळ्यांतून शेकडो गुलाम पळून त्याच्याकडे आले आणि मोकळे झाले. त्यातले काही बर्म्युडा, नोव्हा स्कोशिया, त्रिनिदादपर्यंत पोचले. पुढे यादवी युद्धानंतर सुटका झालेली कुटुंबं बेटाच्या उत्तर टोकाला वसली. तिथे त्यांनी १८९३ मध्ये आपलं चर्च स्थापलं. आजची इमारत १९३० च्या दशकातली, पांढऱ्या फळ्यांची, आत जेमतेम काही बाकं. १९९६ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन केनेडी ज्युनियर आणि कॅरोलिन बेसेट यांचं लग्न इथेच झालं. लोक त्या लग्नासाठी तिथे जातात. मला वाटतं, ज्यांनी ते बांधलं त्यांच्यासाठी जावं.

सांजवात

इतिहासवेडा, हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांचे दोन प्रश्न आले: कार्नेगी इथे कुठून उपटले, आणि वाडा भग्न कसा झाला?

इतिहासवेडा

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा धाकटा भाऊ थॉमस. त्यानं १८८० च्या दशकात डंजनेसची जागा विकत घेतली आणि कॅथरिनच्या जुन्या घराच्या जागी नवा भव्य वाडा बांधायला घेतला. १८८६ मध्ये तो गेला. मागे राहिली बायको लूसी आणि नऊ मुलं. ही बाई खरी कर्ती. तिनं वाडा वाढवत ५९ खोल्यांपर्यंत नेला, बेटाचा जवळपास नव्वद टक्के भाग हळूहळू ताब्यात आणला, मुलांसाठी वेगवेगळी घरं उभी केली. त्यातलंच प्लम ऑर्चर्ड १८९८ चं, आत पोहण्याचा तलाव आणि स्क्वॉशचं कोर्ट आहे, रेंजर आतून दाखवतात. डंजनेस मात्र १९५९ मध्ये आगीत गेलं. कुणीतरी लावली असावी असंच मानतात. आता विटांच्या उंच भिंती, धुराडी आणि आतल्या हिरवळीवर चरणारे घोडे.

लूसीनं मृत्युपत्रात अट घातली होती: शेवटचं मूल जिवंत आहे तोवर जमीन विकायची नाही. ते मूल १९६२ मध्ये गेलं. लगोलग बेट विकायला लागणार हे दिसत होतंच. साउथ कॅरोलिनातल्या हिल्टन हेड या रिसॉर्टांनी भरलेल्या बेटाचा विकासक चार्ल्स फ्रेझर यानं मोठा तुकडा घेतला, बेटावर रिसॉर्ट काढायचा बेत होता. वारसांनी आणि निसर्गप्रेमींनी आवाज उठवला, सरकारला मध्ये घातलं, आणि १९७२ मध्ये बेट वाचलं. हिल्टन हेड बघितलं असेल त्यांना कळेल काय टळलं.

बाबांना आणखी एक दाखवा: वाड्याजवळच्या छोट्या दफनभूमीत "लाइट हॉर्स" हॅरी लीचा दगड. यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली, त्याचा हा बाप. वेस्ट इंडिजहून परतताना आजारी पडून तो १८१८ मध्ये इथेच वारला. अस्थी १९१३ मध्ये व्हर्जिनियाला नेल्या, दगड राहिला.

रानवाटा

घोड्यांबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही! आम्ही गेलो तेव्हा एक घोडी शिंगरू घेऊन थेट पुळणीवर आली, आमच्यापासून अंतर राखून तासभर उभी होती. जन्मभर आठवेल असं दृश्य. स्पॅनिशांनी आणलेल्या घोड्यांचे वंशज ना हे?

तिवर

रानवाटा, तशी आख्यायिका आहे. आज जे दीडशेच्या आसपास घोडे आहेत त्यांचं रक्त नंतरच्या काळातल्या पाळीव घोड्यांचं; कार्नेगींनीही आपले सोडले होते.

माझं मत इथे वेगळं आहे आणि ते कुणाला बोचेल, तरी लिहितो. हे घोडे या बेटाचे नाहीत. खाजणातलं खारं गवत आणि टेकाडांवरचं सी ओट्स नावाचं उंच गवत ते खातात, तुडवतात. वाळू धरून ठेवायचं काम या झाडांचंच. पुळण, टेकाडं आणि मागचं खाजण हे एकमेकांवर टिकून आहे. लाटा वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकवत राहतात, वादळ टेकाड फोडतं, झाडं वाळू पुन्हा अडवतात. घोड्यांना बाहेरून चारापाणी किंवा वैद्यकीय मदत दिली जात नाही, संख्येवर नियंत्रणही नाही. त्यांची हाडं दिसतात. त्यांच्याही दृष्टीनं हे बरं नाही. पैदास हळूहळू थांबवावी, आहेत त्यांना सुखानं जगू द्यावं, असं मला वाटतं.

रानवाटा

मला नाही पटत. माणसांनी तिथे मळे केले, वाडे बांधले, नुकसान त्यांचं जास्त. घोडे दोनएकशे वर्षं तिथे आहेत. त्यांना आता पाहुणे म्हणणं न्याय नाही. आणि लोक बेटावर येतात ते घोडे बघायलाच. घोडे गेले तर बेट वाचवायला उभं राहणारं जनमतही ओसरेल.

तिवर

जनमताचा मुद्दा मान्य. तो हलका नाही. पण रानडुकरांना बेटावरून हटवायचं काम उद्यान अनेक वर्षं करतंय, कारण ती कासवांची घरटी उकरतात. नियम एकाला लावायचा आणि दुसऱ्याला सोडायचं, ते केवळ तो देखणा आहे म्हणून, हे मला जड जातं. असो, सांजवात, घोड्यांपासून निदान पन्नास फूट लांब राहा, लेकाला हे आधीच समजावून सांगा. लाथ मारतात आणि चावतातही.

केळशीकर

कासवांचं नाव निघालं म्हणून आत आलो. आमच्याकडे कोकणात वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला घेतली, नंतर कासव महोत्सव सुरू झाला, आता आंजर्ल्यालाही होतो. घरटं दिसलं की अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात, पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. कंबरलंडला कसं करतात?

तिवर

केळशीकर, छान विचारलंत. इथे लॉगरहेड जातीची कासवं येतात, मे ते ऑगस्टमध्ये अंडी घालतात, पिल्लं ऑक्टोबरपर्यंत निघतात. एका घरट्यात शंभरावर अंडी. शक्यतो घरटं आहे तिथेच ठेवतात, वर जाळी अंथरून खुंट्या ठोकतात म्हणजे रॅकून आणि डुकरं उकरत नाहीत, पिल्लू मात्र जाळीच्या भोकातून बाहेर येऊ शकतं. भरतीच्या रेषेखाली घातलं असेल तरच हलवतात.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. जॉर्जियात प्रत्येक घरट्यातून एक अंडं काढून घेतात आणि त्याच्या कवचावरून आईचा डीएनए काढतात. कुठल्या मादीनं या हंगामात किती घरटी केली, कुठल्या बेटावर केली, तिच्या लेकी आता अंडी घालायला येताहेत का, हे यातून कळतं. शेजारच्या लिटल कंबरलंडवर तर १९६० च्या दशकापासून कासवांची नोंद ठेवताहेत. लॉगरहेड वयात यायला तीसेक वर्षं लागतात. तेव्हा राखलेल्या घरट्यांची फळं आता दिसताहेत. तुमच्या वेळासच्या पोरांनी धीर सोडू नये, एवढंच सांगेन.

केळशीकर

हे आमच्या मंडळींना पाठवतो. एक अंडं गेल्याचं दुःख होईल, पण त्यातून मिळतं ते मोठं आहे.

पक्षीवेडी

आईंसाठी पक्ष्यांची यादी देते, डिसेंबरातली. खाजणात बगळे, वुड स्टॉर्क, पाणकावळे. दक्षिण टोकाला चिखलावर ओहोटीच्या वेळी ऑयस्टरकॅचर हमखास: चोच केशरी-लाल, लांब, कालवाच्या फटीत घालून क्षणात उघडते. पाइपिंग प्लोव्हर हा चिमुकला चिखल्या हिवाळ्यात इथे येतो, वाळूच्या रंगात मिसळून जातो, हलला तरच दिसतो. पेंटेड बंटिंग मात्र वसंतात-उन्हाळ्यात, डिसेंबरात भेटणार नाही. ओहोटीची वेळ बघून पुळणीवर जा.

आणि समुद्राकडे नजर ठेवा. नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल हिवाळ्यात याच किनाऱ्यावर, जॉर्जिया-फ्लोरिडापाशी, पिल्लं घालायला येतात. जगात चारशेहूनही कमी उरलेत. किनाऱ्यावरून दिसेलच याची खात्री नाही, दिसला तर आयुष्याचं सोनं.

भटकी_आत्या

अवांतर: उद्यानानं २०२२ मध्ये ३०० ची मर्यादा दुपटीच्या आसपास वाढवायचा आराखडा मांडला होता. खूप जणांनी विरोध केला. मीही पत्र पाठवलं. जास्त लोकांना बघायला मिळावं हे पटतं, पण तिथली शांतता वाटून घेता येत नाही, ती संपते.

इतिहासवेडा

अवांतरात माझीही भर. समोरच्या मुख्य भूमीवर कॅमडेन काउंटीनं रॉकेट सोडायचा तळ काढायचं ठरवलं होतं, रॉकेटं बरोबर या बेटांच्या डोक्यावरून जाणार होती. मार्च २०२२ च्या सार्वमतात लोकांनी तो भरघोस मतांनी फेटाळला आणि पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही मतदान वैध ठरवलं. गंमत अशी की आपलं श्रीहरिकोटाही पुलिकत सरोवर आणि बंगालच्या उपसागराच्या मधलं असंच लांबट वाळूचं बेट. तिथे १९७१ पासून रॉकेटं उडताहेत, आणि पलीकडे रोहित पक्षीही उतरतात. पण तिथल्या बेटावर सामान्य माणसाला मोकळं फिरता येत नाही. इथे येतं, हे मोलाचं आहे.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारची बोट घेतोय, आदल्या रात्री सेंट मेरीज. दोन शंका उरल्या. उत्तरेचं चर्च आणि प्लम ऑर्चर्ड एका दिवसात आईसकट बघता येईल का? आणि लेकानं कुठेतरी वाचलंय की तिथे शार्कचे दात सापडतात, ते खरं का?

तिवर

उत्तरेकडे उद्यानाची गाडीतून सहल असते, पाच-सहा तासांची, चर्च आणि प्लम ऑर्चर्ड दोन्ही दाखवतात. तिचं आरक्षण वेगळं करावं लागतं. रस्ता वाळूचा आणि खड्ड्यांचा, गाडी सतत आदळते. आईंच्या गुडघ्यांपेक्षा पाठीचं बघा. ही सहल घेतलीत तर दक्षिणेचा वाडा आणि पुळण बहुतेक राहून जाईल. माझं ऐकाल तर बाबांना सहलीला पाठवा आणि तुम्ही आई-लेकाला घेऊन पुळणीवर जा. संध्याकाळच्या बोटीवर भेटा. बाबांना डंजनेस बघायचंच असेल तर मात्र सगळे दक्षिणेलाच राहा, ओढाताण नको.

शार्कचे दात खरेच सापडतात. खाडीचा गाळ उपसून तो पूर्वी बेटावरच्या रस्त्यांवर टाकला, त्यात हे दात आहेत, जीवाश्म झालेले, म्हणून काळे किंवा करडे. पुळणीपेक्षा रस्त्याच्या कडेला शोधा, पाऊस पडून गेला असेल तर आणखी सोपं. खाली बसून, ऊन समोरून येईल असं बघायचं. गारगोट्यांत दात चकाकतो आणि त्याच्या कडा सरळ असतात. ते आणि रिकामे शंखशिंपले घरी नेता येतात. आत जीव असेल तर परत ठेवायचा. विटा, टॅबीचे तुकडे, हाडं, झाडंपानं काही उचलायचं नाही.

लेकाला एक झिपची पिशवी द्या आणि परतीच्या बोटीच्या अर्धा तास आधी धक्क्यावर या. बोट चुकली तर परत यायला आपल्या खर्चानं खासगी बोट बोलवावी लागते.